साठी बुद्धी नाठी म्हणण्याआधी : घरातल्या ज्येष्ठांची स्मृतितपासणी नाशिकमध्ये कशी करून घ्यावी

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं नोकरी केली. छपाईत केसाएवढी रेघ इकडची तिकडे झाली तरी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. त्यांच्यापुढे डॉक्टरांनी एक कागद ठेवला. त्यावर नुसता गोल. "अण्णा, हे घड्याळ समजा. आकडे भरा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." अण्णांनी वर बारा लिहिला, मग एक, दोन, तीन करत नऊपर्यंतचे आकडे उजव्याच बाजूला दाटीवाटीने बसवले. दहा आणि अकरा कसेबसे खाली कोंबले. डावी बाजू कोरी. मग काटे: एक दहावर, एक अकरावर. कागद पुढे सरकवत म्हणाले, "घ्या."

त्याआधीचं दीड वर्ष आम्ही घरात "वय झालं, विसरणारच" म्हणत काढलं होतं. साठी बुद्धी नाठी ही म्हण ज्याने कोणी काढली त्याने आपल्या म्हाताऱ्या माणसांचं फार नुकसान केलं, असं माझं मत आहे. अण्णांच्या निमित्ताने जे शिकले ते गेली काही वर्षं आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात येणाऱ्या घरांना सांगते. मी डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही. पण डॉक्टरांच्या दारापर्यंत नीट तयारीने कसं जायचं आणि तिथे काय विचारायचं, एवढं मला आता पुरतं ठाऊक आहे.

आधी हे ठरवा: तपासणी कोणाची?

साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला रांगेत बसवून स्मृतीची चाचणी करावी का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञमंडळानेही २०२० मध्ये हेच सांगितलं की, ज्यांची काहीच तक्रार नाही अशा ज्येष्ठांची सरसकट चाळणी करण्याने फायदा होतो की तोटा, हे ठरवण्याइतका पुरावा नाही. मंडप घालून, लाउडस्पीकर लावून घेतलेल्या 'मेमरी टेस्ट' शिबिरांविषयी मला म्हणूनच धास्ती वाटते. गोंगाटात कमी गुण पडलेली माणसं घरी जाऊन रात्रभर जागी राहतात.

पण तक्रार असेल तर थांबायचं नाही. तक्रार त्यांची स्वतःची असो, घरच्यांची असो किंवा शेजारणीची. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण साधारण ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासातून आला. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. जुना मधुमेह, रक्तदाब, होऊन गेलेला लकव्याचा झटका, कंपवात यांपैकी काही असेल तर लहानशी शंकाही पुरेशी समजा.

आशाताई घरी येऊन जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? सूनबाई दारातूनच "नाही हो, आमचे ठणठणीत आहेत" म्हणून मोकळी होते. मीही तेच केलं होतं.

आणखी एक. स्क्रीनिंग म्हणजे चाळणी. पीठ चाळल्यावर वर राहतं ते सगळं किडकं नसतं, पुष्कळदा नुसता कोंडाच असतो. चाळणीत कोणी अडकलं म्हणजे पुढे नीट निवडून बघायचं, इतकाच त्याचा अर्थ.

पहिली पायरी: दोन आठवडे वही

सगळ्यात मोलाची तपासणी घरातच होते, आणि ती पेशंटची नसून तुमच्या निरीक्षणाची असते. "हल्ली विसरतात" एवढं सांगून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. शंभर पानी वही घ्या आणि दोन आठवडे तारीखवार लिहा. काय घडलं, कधी घडलं आणि पूर्वी हेच काम ते कसं करत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ज्यांना जन्मभर हिशेब जमलाच नाही त्यांचा आज चुकला तर ती बातमी नाही.

माझ्या वहीतल्या नोंदी अशा होत्या: "बुधवारच्या बाजारातून कोथिंबीर आणली. अर्ध्या तासाने पिशवी घेऊन परत निघाले, कोथिंबीर आणतो म्हणाले." "पेन्शनचं पासबुक तीनदा भरून आणलं, तरी पैसे कमी आलेत म्हणतात. पूर्वी संघाचे खजिनदार होते." "रक्तदाबाची गोळी सकाळी दोनदा घेतली." "दुपारी 'किल्ली' शब्द सापडेना, 'ते दाराचं' म्हणाले."

रस्त्याच्या नोंदी वेगळ्या करा. रविवार कारंजाजवळ राहणारे एक आजोबा पन्नास वर्षं पहाटे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जात. एके दिवशी रामकुंडावरून परतताना होळकर पूल ओलांडून घरी यायचं, तर काळाराम मंदिराच्या बाजूला चालत सुटले. घरचे म्हणाले, गप्पांच्या नादात गेले असतील. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. ओळखीची वाट चुकणं हे नाव विसरण्यापेक्षा गंभीर समजतात.

बायकांच्या बाबतीत स्वयंपाक हा मोठा आरसा आहे. मीठ एखाद दिवशी जास्त पडतंच. पण चाळीस वर्षं पुरण घालणाऱ्या बाईला डाळ शिजल्यावर पुढे काय करायचं ते सुचेना, कामाचा क्रमच हरवला, तर लिहा. स्वभावातले बदलही लिहा: उगाच संशय, मोलकरणीवर चोरीचा आळ, एकेकाळच्या बोलघेवड्या माणसाचं गप्प बसणं, लाजऱ्या माणसाने चारचौघांत वावगं बोलणं.

याच कामासाठी डॉक्टरांकडे 'एडी-८' नावाची आठ प्रश्नांची छोटी यादी असते. ती पेशंटला जवळून ओळखणाऱ्याला विचारतात. निर्णय घेणं, छंदातली गोडी, तेच तेच बोलणं, नवं यंत्र शिकणं, महिना-वर्ष, पैशांचे व्यवहार, भेटीच्या वेळा आणि रोजचा विसर, यांत गेल्या काही वर्षांत बदल झाला का? दोन किंवा अधिक ठिकाणी 'हो' आलं तर पुढे जायचं. वही भरलेली असली की ही यादी पाच मिनिटांत होते.

मात्र एका परिस्थितीत वही बाजूला ठेवायची. परवापर्यंत ठीक असलेला माणूस कालपासून बरळायला लागला, दिवसरात्रीचं भान सुटलं, मधेच सावध आणि मधेच गुंगीत, तर तो स्मृतिभ्रंश नसून डेलिरियम असण्याचीच शक्यता जास्त. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम किंवा साखर घसरणं, पाणी कमी पडणं, नवं औषध, झटका यांपैकी काहीही त्याच्या मुळाशी असू शकतं. तेव्हा चाचणीबिचणी नाही, थेट दवाखाना. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडून डोक्याला मार लागला असेल तर तेही आठवून सांगा. कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त अशा वयात आठवड्यांनी त्रास देतं, आणि शस्त्रक्रियेने ते काढता येतं.

दुसरी पायरी: कान, चष्मा आणि गोळ्यांची पिशवी

चाचणी सुरू होण्याआधीच ती बिघडते ती इथे. डॉक्टर म्हणाले "घोडा", ऐकू आलं "जोडा", आणि पेशंटचा गुण गेला. आधी कानातला मळ काढून घ्या, यंत्र असेल तर नवा सेल घालून न्या. चष्मा न्या, आणि तो वाचायचाच चष्मा आहे ना, तेही बघा. कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांतही मोडतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये अशी चौदा कारणं मोजली, त्यात श्रवणदोष आहे आणि उपचार न केलेली अधू दृष्टीही.

मग गोळ्या. यादी नको, अख्खी पिशवीच उचला. देवघराच्या कोनाड्यातली, उशीखालची, मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली, आयुर्वेदिक चूर्णं, सगळं. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या धाटणीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवी आवरण्याची काही औषधं, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सीफेनिडिल यांनी म्हाताऱ्या मेंदूवर धुकं येतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं, ॲसिडिटीच्या रोजच्या गोळीनेही घटू शकतं, आणि आपल्याकडच्या माळकरी, शाकाहारी घरांत ते मुळातच बेताचं असतं. पण वाचून घाबरून काहीही आपल्या मनाने बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या की वेगळाच घोळ होतो.

तिसरी पायरी: कोणाकडे जायचं आणि कसं न्यायचं

आधी तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर. वीस वर्षं ओळखणाऱ्या माणसाला बदल दिसतो. पुढे न्यूरोलॉजिस्ट की मानसोपचारतज्ज्ञ, हा प्रश्न सगळे विचारतात. दोघेही स्मृतिभ्रंश तपासतात. चालण्यात फरक, हात थरथरणं, झटक्याचा इतिहास असेल तर न्यूरोलॉजिस्ट. संशय, भास, उदासी पुढे असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, असा ढोबळ हिशेब धरा.

सरकारी वाटेने जायचं तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळी ओपीडी असावी अशी तरतूद आहे. केसपेपर काढतानाच त्याची आणि मानसोपचार ओपीडीची चौकशी करा. आडगावला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. निफाड तालुक्यातल्या बऱ्याच लोकांना ते वाटेत पडतं. लांबच्या तालुक्यातून थेट शहरात येण्याआधी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सल्ल्याच्या, फोनवर बोलून घेता येतं, आणि १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांचं संरक्षण मिळतं, पण ते दाखल झाल्यावर. ओपीडीच्या खर्चाला ते धरून चालू नका.

वेळ सकाळची घ्या. नाश्ता झालेला, रात्रीची झोप झालेली, सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, गर्दीत तासभर न अडकलेला असा माणूस खुर्चीत बसला पाहिजे.

"मला काय वेड लागलंय?" हा प्रश्न येणारच. खोटं सांगून नेऊ नका. एकदा विश्वास गेला की पुढची पाच वर्षं जड जातात. अण्णांना मी म्हटलं, "अण्णा, दरवर्षी शुगर बघतो, डोळे बघतो. या वेळी डोक्याचंही बघून घेऊ. गोळ्यांचा घोळ होतोय ना, त्याने मला रात्री झोप लागत नाही." शेवटचं वाक्य कामाला आलं. स्वतःसाठी न येणारी माणसं सुनेच्या झोपेसाठी येतात.

चौथी पायरी: प्रत्यक्ष चाचणी

सर्वांत छोटी ती मिनी-कॉग, तीन मिनिटांची. तीन साधे शब्द सांगतात, म्हणून घेतात. मग घड्याळ काढायला लावतात. मग ते तीन शब्द पुन्हा विचारतात. आठवलेल्या प्रत्येक शब्दाला एक गुण, घड्याळ बरोबर असेल तर दोन, नाहीतर शून्य. पाचपैकी तीनपेक्षा कमी आले की पुढची तपासणी. घड्याळात आकडे क्रमाने आणि जागच्या जागी, काटे अकरावर आणि दोनवर, एवढंच बघतात. काट्यांची लांबी धरत नाहीत. 'अकरा दहा' ही वेळ मुद्दाम निवडलेली असते. 'दहा' ऐकल्यावर दहाच्या आकड्याकडे धावणारा हात रोखून तो दोनवर न्यायचा असतो. अण्णांचा हात रोखला गेला नाही. जिथे घसरण होते ती जागा त्या एका वाक्याने उघडी पडते.

मोठ्या चाचण्या तीस गुणांच्या. एमएमएसई १९७५ पासून चालत आलेली. तिथे साधारण २४ च्या खाली शंका घेतात. मोका २००५ ची, सुरुवातीचा सौम्य दोष पकडायला जास्त बारीक. तिथे २६ ही रेषा मानतात आणि बारा किंवा कमी वर्षं शिकलेल्याला एक गुण वाढवून देतात. मोकाची मराठी आवृत्ती आहे, ती मागा. इंग्रजीतल्या कागदावरून डॉक्टर मनातल्या मनात भाषांतर करत विचारू लागले तर नम्रपणे सांगा. 'शंभरातून सातने वजा करत जा' हे वाक्यसुद्धा दोघं दोन तऱ्हांनी विचारतात.

शाळेचं तोंड न पाहिलेल्यांचं काय? इथे मला सर्वांत जास्त घोळ दिसतो. सिन्नरकडच्या एका आजींना तारीख विचारली, सांगता आली नाही. वर्ष नाही, महिना नाही. गुण गेले. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "आज एकादशी, माझा साबुदाणा भिजत पडलाय घरी." तिथी बरोबर होती. त्यांचं पंचांग ठीक होतं, प्रश्नांचं कॅलेंडर वेगळं होतं. अशाच अनुभवातून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करताना हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, म्हणजे एचएमएसई, तयार झाली. तारखेऐवजी सकाळ की दुपार की संध्याकाळ, सातने वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे, लेखी सूचना वाचण्याऐवजी समोरच्याची नक्कल. तुमच्या आईला लिहिता-वाचता येत नसेल तर खुर्चीत बसल्या बसल्या ते सांगा आणि गुण त्या हिशेबाने धराल ना, असं विचारा. उलटही खरं: निवृत्त प्राध्यापकाला २७ आले म्हणून निश्चिंत होऊ नका. वही जर काही वेगळं सांगत असेल तर वहीवर विश्वास ठेवा.

खोलीत तुम्ही असलात तर ओठ आवळून बसा. नवऱ्याने बायकोकडे बघायचं आणि तिने हळूच "मंगळवार" म्हणायचं, हे मी कितीदा पाहिलंय. आणि यूट्यूबवर बघून घरी घड्याळं गिरवून घेऊ नका. सरावाने गुण फुगतात, रोग तिथेच राहतो.

त्याच भेटीत नैराश्याचीही चौकशी व्हायला हवी. पंधरा 'हो-नाही' प्रश्नांची वृद्धांसाठीची यादी असते. उदास माणूस बहुधा स्वतःच म्हणतो, "मला काही आठवत नाही, माझं डोकं गेलं," आणि प्रश्नाला "माहीत नाही" म्हणून सोडून देतो. स्मृतिभ्रंशाचा पेशंट पुष्कळदा "मला काय झालंय?" म्हणतो आणि उत्तर जुळवून सांगतो. हा फरक काटेकोर नाही, दोन्ही एकत्रही असतात.

पाचवी पायरी: रक्त आणि स्कॅन

गुण कमी आले की इथे यायचंच, ही पायरी गाळून औषध सुरू झालं तर अडवा. बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, साखर, सोडियम, कॅल्शियम, किडनी आणि लिव्हर. डॉक्टरांना गरज वाटली तर सिफिलिस आणि एचआयव्ही. यांतला दोष सापडला तर इलाज आहे.

ओळखीच्या एका काकूंना एका दवाखान्यात दहा मिनिटांत "अल्झायमर आहे, आयुष्यभर गोळी" असं सांगून पाठवलं. रक्त तपासलं नाही, पिशवी उघडली नाही. वर्षभर घर दुःखात. मग दुसऱ्या डॉक्टरांनी बी-१२ पाहिलं, फारच खाली होतं. इंजेक्शनं झाली, रात्रीची झोपेची गोळी हळूहळू कमी केली. काकू अगदी पूर्वीसारख्या झाल्या असं म्हणणार नाही, पण भिशीचा हिशेब आता पुन्हा त्याच ठेवतात.

डोक्याचा सीटी किंवा एमआरआय हा झटके, गाठ, साचलेलं रक्त आणि मेंदूत साचलेलं पाणी बघण्यासाठी. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसर, हे तिन्ही एकत्र असतील तर तसं आवर्जून सांगा. ती मेंदूत पाणी साचल्याची खूण असू शकते आणि काहींना शस्त्रक्रियेने फरक पडतो.

निकाल हातात आल्यावर

तीन शक्यता. काही सापडलं नाही तर सहा महिन्यांनी ते वर्षाने पुन्हा, शक्यतो त्याच चाचणीने, आणि वही चालू ठेवा. सौम्य दोष, म्हणजे विसर आहे पण रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः होतात, असं निघालं तर ते स्मृतिभ्रंशाचं निदान नव्हे; काहींचं पुढे वाढतं, काहींचं तिथेच थांबतं, काही सुधारतातही. रक्तदाब, साखर, कान, चालणं, लोकांत मिसळणं याकडे लक्ष द्यायची ही वेळ. स्मृतिभ्रंश निघाला तर प्रकार विचारा: अल्झायमर, रक्तवाहिन्यांचा, लेवी बॉडीचा की मिश्र. डोनेपेझिलसारख्या गोळ्या लक्षणांना काही काळ आधार देतात, रोग मुळातून काढत नाहीत. हे कोणी स्पष्ट सांगत नाही आणि मग घरचे दर महिन्याला 'फरक' शोधत बसतात.

कागदपत्रं लवकर उरका. आपल्याकडे बरीच घरं मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते देणाऱ्याची सारासार बुद्धी गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणून त्यांना समजतंय तोवर मृत्युपत्र, नॉमिनी आणि बँकेचं जॉइंट खातं, तेही त्यांच्याच मर्जीने, वकिलाला विचारून.

आणि हरवण्याची तजवीज. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटीत मुंगीला शिरायला जागा नसेल, तेव्हा पन्नास वर्षांच्या सवयीने पहाटे गंगेवर निघालेल्या माणसाला शोधायचं कसं? खिशातली चिठ्ठी पडते, गळ्यातलं ओळखपत्र ते काढून ठेवतात. मी अण्णांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आतून, कॉलरखाली, माझा मोबाइल नंबर काळ्या दोऱ्याने शिवलाय. शिवत होते तेव्हा ते समोरच बसले होते. हे कशासाठी चाललंय ते त्यांना उमगलं नाही. थोड्या वेळाने पुढे वाकले, सदरा डोळ्यांजवळ धरला आणि नवाच्या शेपटीवर बोट ठेवून म्हणाले, "हा टाका तिरका गेलाय. उसव."